साक्ष आणि स्मृतिचित्र : मराठी ख्रिस्ती आत्मकथनातील स्मरणाचे स्वरूप

‘साक्ष’ हा शब्द मराठीत न्यायालय आणि प्रार्थनामंदिर या दोन्ही ठिकाणी सारख्याच सहजतेने वावरतो. न्यायालयातील साक्षीदार जे पाहिले ते सांगतो; त्याचे सांगणे एका निर्णयाच्या सेवेला लावलेले असते. मंडळीसमोर उभा राहून साक्ष देणारा ख्रिस्ती भाविकही आपल्या आयुष्यातील आजार, दारिद्र्य, मृत्यू, अपमान आठवून सांगतो; पण तेथे निर्णय अगोदरच लागलेला असतो. देव विश्वासू आहे, हे ठरलेले असते. आठवण येते ती पुरावा म्हणून. मराठी ख्रिस्ती आत्मकथनाचा विचार करताना या एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. संकटकाळी देवाने सोबत केली, याची आठवण ठेवणे हे ख्रिस्ती जीवनातील कर्तव्य मानले जाते. परंतु कर्तव्य म्हणून केलेले स्मरण आणि वाङ्मय म्हणून टिकणारे स्मरण ही दोन एकच आहेत काय, हा प्रश्न समीक्षेचा आहे आणि तो भाविकाचाही आहे.

या स्मरणाचे मूळ अर्थातच पवित्रशास्त्रात आहे. शमुवेल रणभूमीवर धोंडा रोवतो आणि येथवर परमेश्वराने साहाय्य केले, अशा अर्थाचे नाव त्याला देतो. अनुवादाच्या ग्रंथात इस्राएल लोकांना अरण्यातली चाळीस वर्षे विसरू नका, असे बजावले जाते. तथापि याच शास्त्रात स्मरणाचे दुसरे रूपही आहे, आणि ते साक्षीच्या परंपरेला फारसे सोयीचे नाही. सत्त्याहत्तराव्या स्तोत्रातील भक्त देवाला आठवतो आणि त्या आठवणीने शांत होण्याऐवजी कण्हू लागतो. देव कृपा करायला विसरला की काय, असे तो उघड विचारतो. जुनी कृत्ये आठवण्याचा निश्चय त्यानंतर येतो. तो त्या प्रश्नाला पुसून टाकत नाही. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात तर निष्ठेची ग्वाही उद्ध्वस्त नगराच्या मधोमध, दोन्ही बाजूंना राख असताना दिली जाते, आणि तिच्यानंतरही विलाप चालूच राहतो. म्हणजे शास्त्रातले स्मरण हे तक्रारीचे उत्तर असते तितकेच तक्रारीचे कारणही असते. देव जर पूर्वी विश्वासू नसता, तर आज त्याला जाब विचारण्याचे प्रयोजनच उरले नसते.

येथे एका शब्दाचा विचार उपयोगी पडेल. हिब्रू भाषेत या ईश्वरी निष्ठेसाठी ‘एमुना’ हा शब्द येतो. ‘आमेन’ त्याच धातूचा. मराठी भाषांतरांतून ‘सत्यता’, ‘विश्वासूपणा’ असे प्रतिशब्द आले आणि ते रूढही झाले. पण मराठीत अरबीतून आलेला ‘इमान’ हा शब्द त्याच सेमिटिक धातूच्या घराण्यातला आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘विश्वास’ मनात असतो. ‘इमान’ वागण्यात दिसते. इमान गड्याचे असते, शेजाऱ्याचे असते, मुक्या जनावराचेही असते. ते कोणी तोंडाने बोलून दाखवत नाही. उलट बोलून दाखवले की त्याची किंमत कमी होते. मराठी ख्रिस्ती गद्याची एक वाट ‘विश्वासूपणा’कडे गेली आणि दुसरी ‘इमाना’कडे, असे म्हटले तर पुढील विवेचनाची दिशा स्पष्ट होईल.

पहिल्या वाटेचा आरंभ अव्वल इंग्रजीत होतो. बनियनच्या प्रसिद्ध रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ हे हरि केशवजींनी केलेले भाषांतर १८४१ मध्ये आले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाला, आणि आयुष्य म्हणजे एका ठरलेल्या मुक्कामाकडे नेणारी वाट, ही कल्पना मराठी गद्यात स्थिरावली. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८० च्या दशकातले. नावातच त्याची संरचना आहे. पहाट झाली, म्हणून त्यापूर्वीची सगळी रात्र ठरते. बालपणातील देवधर्म, घरची माणसे, त्यांची माया यांना स्वतंत्र अस्तित्व उरत नाही. ती प्रकाशाच्या विरोधात उभी राहण्यापुरती आठवली जातात. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणाऱ्या लेखकाची निरीक्षणशक्ती या पुस्तकातही जागोजागी जाणवते; पण कथनाच्या चौकटीने ती आवरलेली आहे. या ग्रंथाचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. वाङ्मय म्हणून त्याच्याकडे परत परत जावेसे वाटत नाही, हेही तितकेच खरे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची साक्ष ही रूपाने साक्षच आहे. ती मंडळीच्या कानासाठी आहे, तिचा निष्कर्ष आरंभीच ठरलेला आहे. परंतु ज्या आठवणींवर ती उभी आहे त्या इतक्या जड आहेत की निष्कर्षाच्या पेटीत त्या सहजी मावत नाहीत. १८७४ ते १८७७ च्या दुष्काळी वर्षांत अनंतशास्त्री डोंगरे यांचे भटके, पुराण सांगून पोट भरणारे कुटुंब अन्नावाचून मोडले. आईवडील काही आठवड्यांच्या अंतराने गेले, मग थोरली बहीण. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला. १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षेही झाली नसताना, पती बिपिनबिहारी मेधावी गेले. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला असला तरी ख्रिस्त मिळायला आणखी वर्षे जावी लागली, असे त्या स्वतःच सांगतात. साक्षीच्या रूपाला हा कबुलीजबाब अडचणीचा आहे. अरुणोदय एकदाच होतो. येथे तो दोनदा होतो आणि मधला काळ ना रात्रीचा ना दिवसाचा.

याहून अर्थपूर्ण जागा वडिलांच्या मृत्यूची आहे. मरणापूर्वी अंध झालेला हा वैष्णव ब्राह्मण आपल्या धाकट्या मुलीला जवळ घेऊन देवाच्या हाती सोपवतो आणि आयुष्यभर त्याचीच सेवा कर, असे सांगतो. रमाबाई हे शब्द तीस वर्षांहून अधिक काळ जपून ठेवतात, आणि ते ज्या देवाच्या नावाने उच्चारले गेले त्याच्याऐवजी ज्या देवाने ते ऐकले असे त्या मानतात त्याच्या खाती जमा करतात. कठोर वाचक याला बळकावणे म्हणेल. पण दुसऱ्या बाजूने पाहता, ‘अरुणोदया’च्या चौकटीत ज्या बापाला अंधारात उभे राहावे लागले असते, तो येथे आशीर्वाद देणारा म्हणून उजेडात येतो. ईश्वराच्या निष्ठेची आठवण करताना रमाबाईंना आपल्या हिंदू बापाची निष्ठा टाकून देता आलेली नाही. साक्षीचे रूप येथे वाकले आहे, मोडलेले नाही.

आणि रमाबाईंचे स्मरण कागदावर थांबले नाही, हे विसरता येत नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली भुकेने आणि त्याहून वाईट गोष्टींनी मरत आहेत, हे कळताच त्या तिकडे गेल्या. त्या जाण्यामागे आपल्या उपासमारीची आठवण होती, हे त्यांनीच नोंदवले आहे. तेथून आणलेल्या शेकडो मुलींनी केडगावच्या मुक्तिसदनाचे स्वरूप ठरले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास मुंबई, पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या पट्ट्यातच लिहिला जातो, म्हणून या ठिकाणी एक भौगोलिक टीप आवश्यक वाटते. नागपूर, चांदा हे जिल्हे त्या वेळी मध्य प्रांतात होते. वर्धा नदीपलीकडील राजुरा, गडचांदूरचा मुलूख निजामाच्या राज्यात, आदिलाबादकडे होता आणि राज्यपुनर्रचनेनंतरच तो पुढे चांदा जिल्ह्यात आला. पूर्वेकडचा हा सगळा प्रदेश या वाङ्मयात आला तो दुष्काळाचा आणि रेल्वेचा प्रदेश म्हणून. दुष्काळाचा संबंध रमाबाईंशी. रेल्वेचा, आता पाहावयाच्या दुसऱ्या कुटुंबाशी.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) नागपुराहून राजनांदगावास निघाले असता १८९३ च्या सुमारास गाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पुस्तक वाचीन, असा शब्द टिळकांनी दिला. तो त्यांनी पाळला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या प्रसंगाचे निवेदन धर्मांतराची कथा म्हणून पुष्कळदा झाले आहे. मात्र लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ सबंध वाचलेल्या वाचकाला त्यात निराळाच विनोद दिसतो. घरखर्चाचे पैसे कोणा गरजूला देऊन मोकळे होणारा, बाजारात पाठवले तर कशाला आलो तेच विसरणारा, सांगितलेल्या दिवशी कधी न परतणारा हा गृहस्थ आगगाडीतल्या अनोळखी माणसाला दिलेला शब्द मात्र विसरला नाही. बायकोला दिलेल्या शब्दांची गोष्ट वेगळी होती.

‘स्मृतिचित्रे’ कसे लिहिले गेले, ही माहिती केवळ चरित्रात्मक नाही. ती त्याच्या कथनरूपाशी निगडित आहे. देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढण्यास सांगितले. पहिला भाग १९३४ मध्ये आला, मधले दोन १९३५ मध्ये. चौथा लक्ष्मीबाईंच्या २४ फेब्रुवारी १९३६ रोजी झालेल्या निधनानंतर मुलाने पुरा केला. म्हणजे या स्मरणाचा घोषित विषय देव नाही आणि लेखिका स्वतःही नाही. तो आहे नवरा. ऑगस्टिनने चौथ्या शतकाच्या अखेरीस आपले ‘कबुलीजबाब’ लिहिले ते देवाला उद्देशून. स्मृती हा त्या ग्रंथाच्या दहाव्या भागाचा विषयच आहे. पण सबंध ग्रंथात लेखकाचे तोंड वर, देवाकडे वळलेले आहे. लक्ष्मीबाईंचे तोंड समोर आहे. ओटीवर बसलेल्या, थोडे ओळखीच्या, थोडे आगाऊ श्रोत्यांना त्या सांगत आहेत. देव त्या बैठकीत असलाच तर तो ऐकणाऱ्यांपैकी एक. त्यामुळे त्याची स्तुती तोंडावर करण्याचा प्रसंगच येत नाही.

हा केवळ शैलीचा फरक मानता येणार नाही. श्रोता बदलला की पुराव्याचे ओझे उतरते. लक्ष्मीबाईंना काही सिद्ध करावयाचे नाही, म्हणून त्यांच्या पूर्वायुष्याला काळोख व्हावे लागत नाही. १८५७ च्या उठावानंतर आईच्या वडिलांना झालेली फाशी आणि त्या धक्क्याने सोवळ्याच्या वेडात गेलेले वडील, येथून पुस्तक सुरू होते. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेणारा हा बाप हास्यास्पद आहे, जाचक आहे, आणि तरी भयाने पोखरलेला एक माणूस आहे. लेखिका त्याला हसते. त्याच्या धर्मावर निकाल देत नाही. भीतीचा माग काढत ती राजकीय हिंसेपर्यंत पोचते, आणि हे सारे ती एखाद्या मोलकरणीची तऱ्हा सांगावी तितक्या सहज सांगते. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न, कडक सासरा, नवऱ्याची भ्रमंती, लहानपणीच दगावलेली अपत्ये. इतक्या मालमसाल्यावर एखादी साक्ष भरभक्कम उभी राहिली असती.

टिळकांच्या धर्मांतरानंतरची सुमारे पाच वर्षे ही पुस्तकातील सर्वांत खडतर वर्षे. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाने राहिल्या, पंढरपुरासही राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. समाजाच्या दृष्टीने ही स्थिती वैधव्याहून विचित्र. याच काळात त्यांना कविता सुचू लागली. साक्षीच्या नियमाने या वर्षांचा अर्थ ठरलेला असायला हवा होता: देव तिला तयार करीत होता. लक्ष्मीबाई असे सांगत नाहीत, किंवा सांगितलेच तर ओझरते. त्या सांगतात कोणी काय दिले, कोणी काय बोलले, कोणी दार उघडले आणि कोणी लावून घेतले. नातलगांचा राग, त्यांची काळजी, त्या काळजीतला जाच, सगळे एका पंगतीला बसते. विठोबाच्या गावाला त्या मागाहून मूर्तिपूजेचे गाव म्हणून नाकारत नाहीत. तेथे दिवस निघाले, एवढे इमान त्या पंढरपुराशी राखतात.

येथे ‘इमान’ या शब्दाचा उपयोग कळतो. ‘स्मृतिचित्रे’मध्ये ईश्वराची निष्ठा विधानातून कळत नाही, ऐनवेळी येऊन ठेपणाऱ्या माणसांतून ती कळते, आणि त्या माणसांना देवाची पाठवणी अशी चिठ्ठी लेखिका लावत नाही. शेजारीण शेजारीणच राहते. तिने आणलेले दाणे दाणेच राहतात. असे असल्यामुळेच वाचकाला त्या दाण्यांचे वजन जाणवते. ज्या क्षणी एखाद्या माणसाला दैवी योजनेचे साधन म्हटले जाते, त्या क्षणी त्याच्या स्वतःच्या भलेपणाचे श्रेय कोणी तरी काढून घेतलेले असते. साक्षीच्या गद्यात हा अन्याय वारंवार होतो आणि तो भक्तीच्या नावाने होत असल्यामुळे खपून जातो.

लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये राहुरीस झाला. त्याचे कथन परंपरेच्या क्रमाला उलटे आहे. नवऱ्याजवळ परत आल्यावरही सोवळे सुटले नव्हते. पाणी वेगळे, चूल वेगळी. जातिभेद देवाने केला की माणसाने, या एका प्रश्नावर विचार करता करता ते गळून पडले. श्रद्धा नंतर आली. धर्मशास्त्रातून आचरणाकडे जाण्याऐवजी त्या पाण्याच्या भांड्यावरून देवापर्यंत आल्या. येथे दिव्य दर्शन नाही, अश्रूंचा पूर नाही. पुढे प्लेगच्या साथीत केलेली शुश्रूषा, परक्या मुलांचे आईपण, घरी येऊन राहिलेला आणि १९१८ मध्ये भादली येथे रेल्वेखाली गेलेला बालकवी, लगेच पुढल्या वर्षी, ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईतील निधन. दोन वर्षांत दोन मृत्यू. आणि गद्य या जागी आवाज चढवत नाही. मोठ्या दुःखाच्या अलीकडे पलीकडे लहानसहान हास्यास्पद गोष्टी घडतच असतात, हे ठाऊक असलेल्या बाईचे ते गद्य आहे.

या ठिकाणी एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. शास्त्रातील स्मरणात तक्रारीला स्थान आहे, असे वर म्हटले. मग लक्ष्मीबाईंच्या गद्यात विलाप कोठे आहे? गेलेल्या मुलांचा जाब त्या देवाला कोठे विचारतात? हा प्रश्न टाळता येणार नाही. मराठीत देवाशी भांडण्याची एक समृद्ध परिभाषा वारकरी कवितेने घडवली होती. नामदेव रुसतो, जनाबाई शिव्या देते, तुकाराम देवाला दिवाळखोर ठरवून कर्जाचा हिशेब मागतो. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची धारणा होती, आणि मंडळीच्या उपासनेत त्यांनी अभंग आणि भजन आणले ते या जाणिवेने. मिशनच्या भाषांतरित गीतांना जे जमले नव्हते ते ‘अभंगांजली’ने केले, मराठी ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या आवाजात देवाशी बोलता आले. मात्र तुकोबांचा पूल ओलांडताना भांडणाचा काही भाग पलीकडेच राहिला, असे म्हणावेसे वाटते. टिळकांच्या अभंगांत आर्तता आहे, शरणागती आहे, उत्कट प्रेम आहे. देवाच्या दारात धरणे धरून बसण्याची जिद्द त्या मानाने क्षीण आहे. साक्षीच्या परंपरेने तक्रारीला अविश्वास मानले, त्याचा हा परिणाम असावा.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तक्रार नाहीशी झालेली नाही. तिने पत्ता बदलला आहे. देवाला विचारावयाचे सारे प्रश्न त्या नवऱ्याला विचारतात. तू कुठे होतास? माझी आठवण कशी झाली नाही? घरात काही नाही हे तुला ठाऊक नव्हते काय? स्तोत्रकर्त्याच्या प्रश्नांचा हा घरगुती अवतार आहे. विसरभोळा टिळक आणि त्याला विसरू न शकणारी बायको यांच्या भांडणातून, रुसव्यांतून, परत एकत्र येण्यातून करार मोडणे आणि करार टिकणे यांचे जे नाट्य उभे राहते, ते शास्त्रातील देव आणि त्याची प्रजा यांच्या नाट्याचीच आठवण देते. फक्त येथे भूमिका उलटल्या आहेत. देवाविषयी बोलणारा विसरतो; देवाविषयी फारसे न बोलणारी लक्षात ठेवते. होशेयाच्या ग्रंथातही देवाचे इमान कळते ते एका बिघडलेल्या संसारातून, हे येथे सहज आठवते. मात्र तेथे बोलणारा पुरुष आहे आणि बाईला बोलू दिलेले नाही. ‘स्मृतिचित्रे’त गोमर बोलू लागली आहे, असे म्हणण्याचा मोह होतो; परंतु लक्ष्मीबाईंनी तसे काही केलेले नसताना त्यांना गोमर म्हणणे अन्यायाचे होईल. नाव नको, उलटलेला कोन तेवढा घ्यावा.

मराठी समीक्षेने या पुस्तकाचे कौतुक करण्यात कधीच कसर केली नाही. पण ते कौतुक बहुधा एकाच अंगाचे राहिले: निरागसता, सहजता, प्रसन्न विनोद, बोलभाषेचा गोडवा. श्रद्धा ही लेखिकेची खासगी बाब समजून बाजूला ठेवली गेली. शालेय पाठ्यपुस्तकांनी गमतीचे प्रसंग उचलले आणि पिढ्यान्‌पिढ्यांना लक्ष्मीबाई एक मिस्कील आजी म्हणून ठाऊक झाल्या. उलट बाजूने श्रद्धाळू वाचकाने त्यात साक्ष शोधली, आणि त्यासाठी हसण्याच्या जागा ओलांडून तो पुढे गेला. दोघांनीही पुस्तक अर्धे केले. ‘निरागस’ हे विशेषण तर सरळ दिशाभूल करणारे आहे. ज्या बाईला आपल्या बापाच्या विक्षिप्तपणामागचे फाशीचे दोर दिसतात, ती निरागस नव्हे. तिने न सांगण्याची निवड केली आहे, आणि निवड म्हटली की तेथे कलेचा प्रश्न येतो. निष्कर्ष हातात असताना तो वाचकाच्या हातावर न ठेवणे हे शिक्षण न झालेल्या बाईचे भाबडेपण मानणे, यात समीक्षेचाच भाबडेपणा आहे.

अर्थात पुस्तक सर्वत्र सारख्या उंचीवर राहत नाही. उत्तरार्धात, टिळकांच्या पश्चात, माणसांची आणि मुक्कामांची गर्दी होते. कराचीच्या वास्तव्याच्या आठवणींत प्रसंगामागून प्रसंग येतात आणि त्यांना ओढून धरणारा विरोधी ध्रुव उरलेला नसतो. भांडायला समोर टिळक नाहीत. काही ठिकाणी लेखिका देवाने सांभाळले अशा अर्थाच्या वाक्यावर प्रसंग मिटवते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी गद्य सैल पडते. साक्षीचे रूप बाहेर टपून बसलेले असते. थकव्याच्या क्षणी ते आत येते. यावरून श्रद्धा गद्याला मारक ठरते, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. रमाबाईंच्या साक्षीत बापाच्या शब्दांजवळ गद्याला जे बळ येते, ते श्रद्धेचेच आहे. प्रश्न आठवणीला किती घाई आहे याचा आहे. रमाबाईंची घाई त्यांच्या कामाने सोसली: मध्य प्रांतातील मुली वाट पाहत होत्या. ज्यांना असे कोठे जावयाचे नसते त्यांच्या साक्षीत ती घाई नुसतीच घाई राहते.

मौखिक साक्षीला हे सारे निकष लावणे योग्य नव्हे, हेही येथे नोंदवावयास हवे. मंडळीत उभे राहून अडखळत बोलणारी बाई ग्रंथ रचीत नसते. तिच्या थांबण्यात, पदर तोंडाला लावण्यात, एखादे नाव न घेता पुढे जाण्यात जे असते, ते छापील साक्षीत उतरत नाही. तेथे उरतो तो सांगाडा. ‘स्मृतिचित्रे’ने केले ते असे की, हे थांबणे, हे गाळणे, विषय बदलून मध्येच हसणे, सारे कागदावर आणले. त्या अर्थाने छापील साक्षीपेक्षा ते मूळ तोंडी साक्षीलाच अधिक जवळ आहे. मराठी ख्रिस्ती गद्याने पुढे ही वाट फारशी चोखाळली नाही, हे दुर्दैव. छापील साक्षींचा साचा मात्र टिकून राहिला: संकट, प्रार्थना, सुटका.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य हाती घेतले आणि अवघे काही अध्याय लिहून ते अपुरे ठेवून ते गेले. जिला अक्षरओळख लग्नानंतर झाली, तिने नवऱ्यामागे त्याचे बहुतांश अध्याय ओवीत रचले. तिच्या हातूनही ते पूर्ण झाले नाही. शेवट देवदत्तांनी केला आणि ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘स्मृतिचित्रे’चे तेच झाले. नवऱ्याच्या चरित्राची टिपणे म्हणून सुरू झालेले पुस्तक बायकोचे झाले आणि मुलाच्या हातून संपले. टिळकांचा हिशेब सदैव अपुरा, त्यांचे काव्यही अपुरे. आणि बाजारातून ते जे आणायला विसरले ते जसे तिने काही न बोलता, किंवा पुष्कळ बोलून, घरात भरून काढले, तसेच हेही. ‘ख्रिस्तायन’ वाचताना टिळकांचे अध्याय कोठे संपतात आणि तिचे कोठे सुरू होतात, हे जाणकाराला भाषेवरून कळते. तिने तो सांधा झाकण्याचा प्रयत्न केलेला नाही.